वाटी, वंगण आणि बैठक

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल आपण सहज म्हणतो, 'त्यांनी वाटी बदलून घेतली.' न झालेल्याबद्दल म्हणतो, 'गुडघ्यातलं वंगण संपलंय' किंवा 'गादी झिजलीय'. या तीन शब्दांपैकी खऱ्याच्या जवळ जाणारा फक्त तिसरा. वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढे हाताला लागणारं गोल हाड, आणि ते या ऑपरेशनात बदलत नाहीत. फार तर त्याच्या आतल्या बाजूला बटणासारखी प्लॅस्टिकची एक चकती बसवतात, आणि पुष्कळ सर्जन तेही करत नाहीत. वंगण संपलं म्हणावं, तर दुखऱ्या गुडघ्यात अनेकदा उलट पाणी साचलेलं असतं. म्हणूनच तो सुजतो. वंगणाचा कस उतरतो हे खरं, पण ते दुखण्याचं मूळ नव्हे. तरी शब्दाची ताकद अशी की वंगण संपलं म्हटल्यावर माणूस ते भरून घ्यायला निघतो. 'जेलचं इंजेक्शन' म्हणून जे मिळतं ते याच समजुतीवर विकलं जातं. त्याचा फायदा झालाच तर थोडा आणि थोड्या काळापुरता, असं आजवरच्या मोठ्या पाहण्या सांगतात. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही.

मी डॉक्टर नाही. इचलकरंजीत मागाचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं लेथवर काढली. बेअरिंग, बुश, शाफ्ट यांची झीज हा माझा रोजचा विषय. घरात आत्तीच्या गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावरचा नमुना हातात घेतला आणि ओळखीचं काहीतरी दिसलं : गुळगुळीत धातू आणि त्याखाली प्लॅस्टिकची बैठक. तेव्हापासून शब्दकोश शेजारी ठेवून मिळेल ते वाचतो आहे; ऑपरेशन झालेल्या, ठरलेल्या आणि टाळलेल्या माणसांना भेटतो आहे. त्यातून एक मत बनत गेलं. दुखणं घालवण्याच्या बाबतीत या ऑपरेशनाइतकं यश फार थोड्या शस्त्रक्रियांना मिळालं आहे. पण ज्या देशांत ते घडलं आणि वाढलं, तिथली माणसं खुर्चीवर बसतात. आपण जमिनीवर बसतो. आपल्या रुग्णाची अपेक्षा आणि ऑपरेशनचं देणं यांत अंतर पडतं ते नेमकं इथे, आणि ऑपरेशनपूर्वीच्या बोलण्यात त्याचा उल्लेख ओझरता होतो किंवा होतच नाही.

आधी सांधा समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात खुबा हा उखळीचा सांधा आणि गुडघा हा बिजागरीचा, असं असतं. खुब्याला ते वर्णन शोभतं. गुडघ्याला नाही. गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर थोडं लोळतं, थोडं घसरतं आणि थोडं वळतंही. दोन्ही हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा, ओल्या काचेसारखा गुळगुळीत थर असतो, तीच कूर्चा. बर्फावर बर्फ घासला तर जे घर्षण होईल, त्याहूनही इथलं घर्षण कमी. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं चांगलं बेअरिंग मी पाहिलेलं नाही. या बेअरिंगची गंमत म्हणजे त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्त नाही म्हणून दुरुस्ती जवळजवळ नाही. मज्जातंतू नाहीत म्हणून झीज सुरू झाल्याचं कळत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड उघडं पडू लागल्यावर, सांध्याचं अस्तर सुजल्यावर. सपाटीवर चालतानाही पावलागणिक गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं मोजमाप झालेलं आहे. हा हिशेब जेलच्या इंजेक्शनपेक्षा पुष्कळ खात्रीचा आहे, आणि फुकटचा.

आपल्याकडे झीज बहुधा गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागात होते. तो भाग खचला की पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, आणि वाकले की सगळा भार पुन्हा त्याच भागावर येतो. पाश्चात्त्य देशांत खुब्याची वयोमानाने होणारी झीज भरपूर आढळते; आपल्याकडे ती कमी. भारतात खुबा बदलावा लागतो तो पुष्कळदा वेगळ्या कारणांनी : हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, आमवात, पाठीचा कणा ताठ करणारा तरुणपणीचा संधिवात, किंवा म्हातारपणी पडून झालेलं फ्रॅक्चर. म्हणून 'सांधेबदल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुडघाच येतो. इतिहासात मात्र खुबा आधी जमला आणि गुडघा मागून आला.

या इतिहासाच्या सुरुवातीला हस्तिदंत आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लूक या सर्जनने १८९० साली क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. काही दिवस ती चाललीही. पण क्षयाचे जंतू आतच होते. सांधे पू होऊन निकामी झाले. पुढची पन्नास वर्षं काच, पोलाद, मिश्रधातू असं काय काय लोकांनी खुब्यात घालून पाहिलं. फ्रान्समध्ये जुदे बंधूंनी १९४६ साली ॲक्रिलिकचा गोळा बसवला. अशाच एका रुग्णाचा खुबा चालताना करकरायचा. ही तक्रार इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या सर्जनच्या कानावर आली. दुसरा कोणी असता तर हसून सोडून देता. चार्नलींनी प्रश्न विचारला, की सांधा करकरतो याचा अर्थ घर्षण किती असेल?

इथून पुढची गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ती दवाखान्याइतकीच वर्कशॉपची गोष्ट आहे. लँकेशायर परगण्यात विगन गावाजवळ राइटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. चार्नलींनी तिथे आपलं काम उभं केलं. त्यांचा पहिला निर्णय असा की गोळा लहान ठेवायचा. माणसाच्या खुब्याचा नैसर्गिक गोळा त्यांच्या गोळ्याच्या दुपटीएवढा असतो, चार्नलींनी २२.२२५ मिलिमीटरचा घेतला. हा आकडा वाचून डॉक्टरमंडळींना काही वाटणार नाही, पण लेथवरचा माणूस लगेच ओळखेल : सात सूत, म्हणजे इंचाचे सात अष्टमांश. गोळा लहान, म्हणजे घर्षणाने वाटीला बसणारा पीळ कमी, आणि वाटी हाडात सैल होण्याची शक्यताही कमी. दुसरा निर्णय सिमेंटचा. दातांच्या कवळ्यांसाठी वापरतात त्या जातीचं ॲक्रिलिक त्यांनी हाड आणि धातू यांच्यामध्ये भरलं. हे सिमेंट चिकटवत नाही. ते हाडाच्या जाळीत शिरून जागा भरून काढतं आणि भार सगळीकडे सारखा पसरवतं. आजही बहुतेक गुडघे याच सिमेंटवर बसतात.

चूक झाली ती वाटीच्या प्लॅस्टिकमध्ये. चार्नलींनी टेफ्लॉन निवडलं, कारण ते सर्वात निसरडं. सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या, सुरुवातीला सगळे खूश. मग दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या भुकटीने आजूबाजूला सूज आणि गाठी झाल्या. निसरडेपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मागाच्या बुशवर काम केलेला कोणीही सांगेल. पण ते तेव्हा रुग्णांच्या शरीरात शिकलं गेलं. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनची भुकटी टोचून घेऊन त्याची गाठ होते का तेही पाहिलं. झाली. बिघडलेले सांधे त्यांनी स्वतः पुन्हा ऑपरेशन करून काढले.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता राइटिंग्टनला आला. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख, आणि त्याच्याकडचं प्लॅस्टिक तिथल्या यंत्रमागांच्या भागांसाठी वापरलं जात होतं : जास्त घनतेचं पॉलिथिलीन. चार्नलींनी तुकड्यात नख रुतवून पाहिलं आणि विषय सोडून दिला. त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर लावला. चार्नली परदेशी गेलेले असताना यंत्र रात्रंदिवस चालू होतं. तीन आठवड्यांनी पाहिलं, तर टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजतं तेवढंही हे झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या प्लॅस्टिकची पहिली वाटी रुग्णाला बसली. आज जगात बसणाऱ्या बहुतांश खुब्यांत आणि गुडघ्यांत याच प्लॅस्टिकची सुधारलेली पिढी आहे. आमच्या मागांवर धोट्याला ठोकर देणारा पिकर पूर्वी कातड्याचा असायचा, मग प्लॅस्टिकचा आला. त्या प्लॅस्टिकच्या गोतावळ्यातलं एक आत्तीच्या गुडघ्यात बसणार होतं, हे मला कळलं तेव्हा मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मागावरच बसवलंस म्हण की मला."

खुबा जमल्यावर गुडघ्याची पाळी आली. फ्रँक गन्स्टन नावाचा कॅनडाचा तरुण सर्जन चार्नलींकडे आला होता; त्याने १९६८ साली धातू आणि पॉलिथिलीनचा, सिमेंटने बसवलेला गुडघा तिथेच केला. आजच्या गुडघ्याचा थेट पूर्वज मात्र न्यूयॉर्कचा, १९७४ च्या सुमाराचा. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि मूळचे मध्य प्रदेशातले डॉ. चित्तरंजन राणावत होते. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, आणि जून २००१ मध्ये उजवा. दोन्ही वेळी सर्जन हेच राणावत. वर्तमानपत्रांत गुडघ्याची चित्रं छापून आली. त्यापूर्वीही मुंबईत डॉ. के. टी. ढोलकियांसारख्यांनी सांधेबदलाची वाट घालून दिली होती. पण 'वाटी बदलणे' हा शब्दप्रयोग घरोघरी गेला तो पंतप्रधानांच्या गुडघ्यांमुळे, अशी माझी समजूत आहे.

आता कळीचा मुद्दा. सपाटीवर चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी पुरतो. जिना चढा-उतरायला ऐंशी ते शंभर, खुर्चीतून उठायला नव्वद ते एकशे पाच. मांडी घालायला, उकिडवं बसायला, गुडघे टेकून टाचांवर बसायला एकशे तीसच्या पुढे, कधी दीडशेच्याही पुढे. बदललेला गुडघा साधारण एकशे दहा ते एकशे पंचवीस अंश वाकतो. म्हणजे चालणं, जिना, खुर्ची हे सगळं त्याच्या पदरात बसतं. पाट, पंगत, भांगलण आणि भारतीय पद्धतीचा संडास या गोष्टी बाहेर राहतात. न्यूयॉर्कच्या किंवा लँकेशायरच्या रुग्णाला यात काही गमावल्यासारखं वाटलं नसणार.

ही उणीव कंपन्यांनी हेरली. 'हाय-फ्लेक्स' नावाचे, जास्त वाकू शकणारे गुडघे बाजारात आले, आशियाई रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून. कागदावर ते एकशे पंचावन्न अंश वाकतात. प्रत्यक्ष रुग्णांत मात्र नेहमीच्या आणि हाय-फ्लेक्स गुडघ्यांच्या वाकण्यात म्हणण्यासारखा फरक तुलनात्मक अभ्यासांत आढळलेला नाही. कोरियातल्या एका पाहणीत तर हाय-फ्लेक्स गुडघे बसवून उकिडवं आणि गुडघ्यांवर बसणाऱ्या रुग्णांत मांडीकडचा धातूचा भाग सैल होण्याचं प्रमाण बरंच आढळलं. कारण समजायला अवघड नाही. खोल वाकल्यावर सगळा भार मागच्या एका कडेवर येतो, आणि कडेवर चालणारं कुठलंही बेअरिंग लवकर जातं. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल याचा सगळ्यात चांगला अंदाज देणारी गोष्ट फार साधी आहे : ऑपरेशनच्या आधी तो किती वाकत होता. पाच वर्षं ताठ राहिलेला गुडघा कुठल्याही कंपनीचा भाग बसवून मांडी घालणार नाही.

जाहिरातीत मात्र ऑपरेशन झालेल्या आजी मांडी घालून हसताना दिसतात. त्या खोट्या नसतात. काहींना ते जमतं. बारीक अंगाच्या, आधी चांगला वाक असलेल्या माणसाला जास्त जमतं, आणि काही सर्जन त्याला परवानगीही देतात. पण जमणं ही एक गोष्ट आणि रोज दोन तास तसं बसणं ही दुसरी. मला भेटलेल्या माणसांत ऑपरेशनने ज्यांचा विरस झाला, त्यांपैकी फार थोड्यांची तक्रार दुखण्याची होती. एक शेतकरी बाई म्हणाल्या, दुखायचं थांबलं पण भांगलायला बसता येत नाही, मग रानात जाऊन करू काय? आमच्या गल्लीतले एक बुजुर्ग विणकर आता मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतात; त्यांना त्याची सवय व्हायला वर्ष लागलं. आत्तीचं दुःख निराळंच होतं. देवघर जमिनीवर, ती खुर्चीवर. "देवापेक्षा उंच बसायला लागलंय बघ आता," म्हणाली. शेवटी देवघर कमरेच्या उंचीवर हलवलं. घरात कमोड बसला, पलंगाखाली दोन ठोकळे आले, स्वयंपाकघरातली विळी वरच्या फळीवर गेली आणि सुरी खाली आली. ऑपरेशन गुडघ्याचं होतं, पण बदललं घर. हा खर्च आणि ही तयारी कुठल्याही अंदाजपत्रकात नसते.

परदेशातल्या मोठ्या पाहण्यांतही गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचांतला एक जण पूर्ण समाधानी नसतो, आणि त्यामागे पुऱ्या न झालेल्या अपेक्षा हे एक मोठं कारण सापडतं. खुब्याच्या बाबतीत समाधान बरंच जास्त. तिथली अपेक्षा जिथे फक्त चालण्या-बसण्याची आहे तिथे हे चित्र. आपल्याकडे तर जमिनीची भर पडते. म्हणून डॉक्टरांना 'दुखायचं थांबेल ना?' एवढंच विचारून भागत नाही. मी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करतो, कुठे कुठे बसतो, हे सांगून त्यातलं काय राहील आणि काय जाईल हे विचारावं. चांगला सर्जन या प्रश्नाने वैतागत नाही.

ऑपरेशन कधी करावं याचं उत्तर एक्स-रे देत नाही. फोटोत हाडाला हाड लागलेलं आणि माणूस बाजारहाट करतोय, असं असतं; उलटंही असतं. (फोटो उभं राहूनच काढलेला हवा. निजवून काढलेल्या फोटोत गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे झीज लपते.) व्यायाम, वजन, काठी, गोळ्या हे सगळं करूनही रात्री झोप मोडते, घराबाहेर पडणं बंद होत चाललंय, अशी वेळ ही खरी वेळ. फार लवकर केलं तर आयुष्यात दुसऱ्यांदा करण्याची शक्यता वाढते. फार उशीर केला तर स्नायू आणि वाक दोन्ही गेलेले असतात.

प्रत्यक्ष ऑपरेशनात 'सांधा काढून दुसरा घालतात' असं ऐकू येतं, तेही तितकंसं खरं नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून तिथे धातूचं टोपण आणि धातूची बैठक बसवतात, मध्ये पॉलिथिलीनचा थर. बाजूचे बंध तुमचेच राहतात. त्यांचा ताण दोन्हीकडे सारखा साधणं हे सर्जनचं खरं कसब. दातांवर टोपी बसवतात त्याच्या जवळपास जाणारं हे काम. रोबोचं नाव हल्ली फलकांवर मोठं असतं. रोबो आपणहून ऑपरेशन करत नाही. कापाची जागा आणि मर्यादा तो नेमकी राखतो. काप जास्त अचूक येतात हे दिसलं आहे, पण त्यामुळे रुग्णाचं चालणं-बसणं ठळकपणे सुधारतं, असं अजून दिसलेलं नाही.

भूल बहुधा पाठीच्या मणक्यातून. दीड-दोन तासांत एक गुडघा होतो. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. घरच्यांना ते निर्दयपणाचं वाटतं, पण पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी ते फार महत्त्वाचं. रक्त पातळ ठेवणारी औषधंही त्यासाठीच. तीन-पाच दिवसांत घरी, दोन आठवड्यांच्या आसपास टाके निघतात, दोन-तीन आठवड्यांनी वॉकर जाऊन काठी येते, सहा आठवड्यांत बहुतेक जण घरातलं आपलं आपण करू लागतात. पहिला महिना मात्र खडतर असतो, आणि हे कोणी गोड करून सांगू नये. दुखतं. रात्री झोप लागत नाही. भूक जाते, पोट साफ होत नाही. 'झक मारली आणि केलं' असं वाटण्याचा एक दिवस जवळजवळ प्रत्येकाला येतो. याच काळात गुडघा वाकवण्याचा आणि पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम करायचा असतो. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली की बरं वाटतं आणि नेमकं तेच टाळायचं असतं, कारण गुडघा थोडा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग सरळ होत नाही.

सूज आणि ऊब तीन ते सहा महिने राहू शकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर वाटतो. तिथली एक बारीक नस कापली जातेच, आणि ती बधिरता पुष्कळांना कायमची थोडी राहते. चालताना आत टकटक आवाज येतो, तो धातू-प्लॅस्टिकचा, त्यात घाबरण्यासारखं नसतं. विमानतळावर यंत्र वाजतं. सुधारणा वर्षभर होत राहते. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, धाप लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर मात्र फोनवर न विचारता गाठायचं ते रुग्णालयच. खुबा बदललेल्यांचे पहिले आठवडे वेगळे : चालणं लवकर सोपं होतं, पण खाली वाकणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या आसनावर बसणं यांनी गोळा वाटीतून निसटू शकतो. तिथे सर्जन सांगेल ती बंधनं काटेकोर पाळावी लागतात.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्याची चाल आपल्याकडे बरीच आहे. एकदाच भूल, एकदाच रजा, खर्चही कमी. तरुण आणि धडधाकट हृदयाच्या रुग्णाला ते सोसतं. वय जास्त, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर धोका वाढतो, आणि अशा वेळी पैशांच्या हिशेबाने निर्णय होऊ नये. आत्तीचे दोन गुडघे चार महिन्यांच्या अंतराने झाले.

सगळ्यात मोठी भीती जंतुसंसर्गाची. चार्नलींच्या सुरुवातीच्या काळात शंभरातल्या सुमारे सात रुग्णांना तो होत असे. त्यांनी गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारला, सर्जनना सगळं अंग झाकणारे पोशाख दिले, आणि प्रमाण एका टक्क्याच्या खाली आणलं. आज चांगल्या ठिकाणी ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं. धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती एक चिकट पडदा विणतात आणि औषध आत पोचत नाही, म्हणून पुष्कळदा सगळा सांधा काढून, काही आठवडे औषधं देऊन, पुन्हा बसवावा लागतो. मधुमेह ताब्यात आणणं, किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायाची चिखली हे सगळं ऑपरेशनआधी बरं करणं, यामागचं कारण हे. वर्षांनंतरही पायाच्या जखमेतून रक्तावाटे जंतू गुडघ्यात जाऊ शकतात. अनवाणी शेतात जाणाऱ्याने हे विसरू नये.

सांधा टिकतो किती? २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. हे आकडे मिळाले, कारण काही देशांनी बसलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवली. स्वीडनने गुडघ्यांची १९७५ पासून, इंग्लंड-वेल्सने २००३ पासून. कुठला सांधा लवकर बिघडतो हे अशा वहीतूनच कळतं. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेची. याची किंमत एकदा मोजून झाली आहे. २०१० साली डीप्यू कंपनीने आपला 'एएसआर' हा खुब्याचा सांधा जगभरातून परत बोलावला. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरत होता, आणि झिजेतून कोबाल्ट-क्रोमियम शरीरात उतरत होतं. भारतात सुमारे ४,७०० रुग्णांना तो बसवलेला होता. सरकारच्या तज्ज्ञ समितीने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली, तिचा अहवाल २०१८ साली बाहेर आला. पण भरपाई द्यायची कोणाला? बहुतेक रुग्णांचा मागच लागत नव्हता.

किमतीच्या बाबतीत परिस्थिती सुधारली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या भागांना कमाल किंमत बांधून दिली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा रुग्णाला सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत होता, तो ५४,७२० वर आला, हाय-फ्लेक्स १,८१,७२८ वरून ५६,४९० वर, कर वेगळा. म्हणजे ज्या जादा वाकण्यासाठी आधी तेवीस हजार जास्त घेतले जात, त्याची नवी किंमत पावणेदोन हजार ठरली. ही मर्यादा फक्त भागांची आहे, ऑपरेशनची आणि खोलीची नाही. म्हणून बिलात भागांची किंमत वेगळी लिहून मागावी.

आणि स्टिकर मागावेत. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनी, माप, बॅच क्रमांक छापलेला असतो. एक प्रत रुग्णालयाच्या कागदांत जाते, एक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर लावायची असते. वीस वर्षांनी प्लॅस्टिक बदलायची वेळ आली, तर कुठल्या मापाचा भाग आत आहे हे सर्जनला त्यावरून कळतं. कंपनीने माल परत बोलावला, तर आपला त्यात आहे का हेही त्यावरूनच कळतं. कागद पिवळे पडतात, रुग्णालयं बंद होतात, फायली रद्दीत जातात. आत्तीच्या दोन्ही गुडघ्यांचे आठ स्टिकर मी एका वहीच्या पानावर चिकटवले, त्याचे फोटो घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवले, आणि ते पान तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत घातलं.